आजोबा-पणजोबांची पलटण कशी शोधायची: काय आधी, काय नंतर आणि लोक कुठे घसरतात

गेल्या काही वर्षांत नात्यातल्या, गावातल्या आणि ओळखीच्या मिळून पंधरा-वीस घरांचे फौजी कागद बघून झालेत माझे, आणि जवळपास प्रत्येक घरात चूक तीच. सुरुवात सगळ्यात जुन्या, सगळ्यात धूसर माणसापासून करतात आणि तीही नावाने. "आमचे खापरपणजोबा इंग्रजांच्या फौजेत सुभेदार होते, नाव गणपतराव, जरा बघ ना नेटवर." आता सातारा जिल्ह्यात गणपत नावाचा शिपाई शोधायचा म्हणजे आषाढीला पंढरपुरात पांडुरंग नावाचा माणूस शोधण्यासारखं आहे.

फौजी माणूस सापडतो तो त्याचा फौजी नंबर आणि पलटण (म्हणजे बटालियन, अशा काही पलटणी मिळून एक रेजिमेंट) या दोन गोष्टींवर, नाव फक्त शेवटी ताडून बघायला. आणि शोध जातो तो आजच्याकडून मागे, एकेक पिढी. मधली पिढी गाळून थेट मराठेशाहीत उडी मारली की मग जे हाती लागतं ती फक्त गोष्ट असते, लग्नात सांगायला चांगली.

मी हे शहाणपणाने सांगतोय असं नाही, मी स्वतः आठ महिने चुकीच्या गणपतमागे होतो, ते पुढे येईलच.

१. आधी वही, मग बाकी सगळं

एक साधी दोनशे पानी वही घ्या. मोबाईलमधल्या नोट्स नकोत, कारण गावाकडे मोबाईल काढला की म्हातारी माणसं एकतर गप्प होतात नाहीतर भाषण द्यायला लागतात. प्रत्येक फौजी माणसाला एक पान. पानावर हे रकाने: पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव-तालुका-जिल्हा, भरती साल, सुटल्याचं साल, नंबर, हुद्दा, पलटण, कुठे लढला, मेडल. आणि प्रत्येक नोंदीसमोर ही माहिती कुणी दिली ते लिहायचं. "आत्यानं सांगितलं" आणि "डिस्चार्ज बुकात आहे" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि सहा महिन्यांनी तुम्हाला कोणतं काय होतं ते अजिबात आठवणार नाही.

मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे बसा. बाईच, कारण फौजी पुरुष मोहिमा सांगतात पण तारखा विसरतात, बायकांना मात्र कोण कोणत्या बाळंतपणाला घरी नव्हता हे बरोब्बर लक्षात असतं. "कोणत्या साली गेले?" असं विचारू नका. "थोरल्या आत्याचं लग्न झालं तेव्हा आजोबा घरी होते का?" असं विचारा, "मनीऑर्डर कुठून यायची?" असं विचारा. जागांची नावं ऐकू येतील तशीच लिहा, सुधारायची नाहीत. बसरा, मिसर, रंगून, इटली. बसरा म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक, आणि बहुतेक वेळा १९१४-१८ चं युद्ध. मिसर म्हणजे इजिप्त, ते दोन्ही युद्धांत येतं. रंगून, आराकान, इंफाळ म्हणजे दुसरं महायुद्ध. "आफ्रिकेत डोंगरावर लढले" असं कुणी म्हणालं तर १९४१ चं इरिट्रियातलं केरेन डोक्यात ठेवा, तिथे मराठा पलटणी होत्या.

सावध: "सुभेदार होते" हे वाक्य अर्ध्या घरांत खोटं निघतं, मुद्दाम खोटं नाही, गावानं आदरानं चढवलेलं. पेन्शनीत आलेला हवालदार गावात सुभेदार होतो. उलटही होतं. जुन्या कागदात "जमादार" दिसलं की घरचे ओशाळतात, पण फौजेतला जमादार हा अधिकारी हुद्दा होता, सुभेदाराच्या खालचा. १९६५ पासून त्यालाच नायब सुभेदार म्हणतात.

२. पेटी, पत्र्याचा डबा आणि देवघर

घर धुंडाळायचं म्हणजे कागदच शोधायचे असं नाही. फौजी माणसाची काळी पत्र्याची पेटी असते ना, तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट लिहिलेलं असतं. आमच्या मावशीच्या घरी ती पेटी गहू ठेवायला होती आणि वर हिरवा ऑइलपेंट मारलेला. टॉर्च आडवी धरून उजेड तिरका पाडला तेव्हा रंगाखालच्या अक्षरांचा उंचवटा दिसला, सात आकडे, सुरुवात २७ ने. तेवढ्यावर काम झालं, कारण स्वातंत्र्यानंतरच्या नंबरांत मराठा लाईट इन्फंट्रीचे शिपाई-हवालदार २७ पासून सुरू होतात आणि महार रेजिमेंटचे ४५ पासून. जेसीओ (म्हणजे नायब सुभेदार किंवा त्याच्या वरचा सुभेदार वगैरे) झाला की नंबर बदलतो आणि पुढे जेसी लागतं, त्यामुळे एकाच माणसाचे दोन नंबर सापडले तर दोन माणसं समजू नका.

कागदांत तीन गोष्टी सोनं आहेत. एक, डिस्चार्ज बुक, छोटं पुस्तक असतं, त्यात भरतीची तारीख, गाव, सुटण्याचं कारण, मेडल सगळं. दोन, पेन्शनचा पीपीओ, अलाहाबादच्या डिफेन्स अकाउंट्स ऑफिसातून आलेला कागद, ज्यावर नंबर, सेवेची वर्षं आणि रेकॉर्ड ऑफिसचं नाव असतं. आजी फॅमिली पेन्शन घेत होती का बघा, तिच्या पासबुकाच्या पिशवीत हा कागद हमखास असतो. तीन, ग्रुप फोटो. पुठ्ठ्याच्या खाली छापलेलं युनिट, जागा आणि साल आधी वाचा, चेहरे नंतर.

सावध: सापडलेला पीपीओ किंवा डिस्चार्ज बुक नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, निदान आजी हयात असेल तर नाहीच. नंबर, बँक, खातं सगळं त्यावर असतं आणि पेन्शनरना फसवणारे टपून बसलेत. फोटो काढा, जपून ठेवा, बस्स.

३. मेडलची कड वाचणं

यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त माहिती इथे आहे आणि सगळ्यात जास्त नासाडी पण इथेच होते.

मेडल सापडलं की लोक पहिलं काम काय करतात, तर चिंच नाहीतर पितांबरीने घासतात. नका घासू! पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या मेडलवर माहिती समोर नसते, ती असते कडेवर, म्हणजे रुपयाच्या नाण्याला जिथे दाते असतात तिथे. तिथे बारीक इंग्रजी कॅपिटल अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेलं असतं आणि शंभर वर्षांत आधीच झिजलेलं असतं. कोरड्या मऊ कापडाने पुसा, खिडकीजवळ बसा, मेडल हळूहळू फिरवत मोबाईलने जवळून सात-आठ फोटो काढा आणि नंतर मोठे करून वाचा.

माझ्या पणजोबांच्या मेडलवर एवढंच होतं: १७४२, सिपॉय, नाव, ११७ मराठाज. आडनाव नाही. मधली दोन अक्षरं गेलेली. पण तो ११७ वाचला आणि मागचे आठ महिने पाण्यात गेले यावर शिक्कामोर्तब झालं, का ते पाचव्या टप्प्यात.

कोणतं मेडल आहे यावरूनही बरंच कळतं. तारेच्या आकाराचं ब्राँझचं असेल आणि त्यावर १९१४ असेल तर माणूस ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स-बेल्जियमला होता. मराठी घरात हे निघालं तर खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा (म्हणजे फौजेतल्या इंजिनीअर तुकड्यांचा) विचार करा, त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समध्ये नव्ह शापेलला लढल्या होत्या. १९१४-१५ असं लिहिलेला तारा असेल तर १९१५ संपायच्या आत तो कुठल्यातरी रणभूमीवर पोचला होता. हे दोन्ही तारे एका माणसाला मिळत नाहीत, दोन्ही सापडले तर घरात दोन फौजी होते. त्या युद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं असतं, पण तेच ब्राँझचं निघालं तर ते नकली नाही, ते लेबर कोअर, भिस्ती, खेचरवाले अशा बिनहत्यारी लोकांना दिलेलं. मी एका घरात असं मेडल "डुप्लिकेट" म्हणून पोरांना खेळायला दिलेलं बघितलंय.

दुसऱ्या महायुद्धाच्या मेडलवर नाव असेलच असं धरून चालू नका. बर्मा स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार यावरून निदान मोहीम कळते. स्वातंत्र्यानंतरचं बघायचं तर १९६५ चं समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ चं पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल. पूर्वी स्टार म्हणजे बांगलादेशच्या बाजूला, पश्चिमी म्हणजे पाकिस्तानच्या सीमेवर, आणि घरचे बऱ्याचदा बरोब्बर उलटं सांगतात.

तपासा: कडेवरचं नाव तुमच्याच माणसाचं आहे का? मेडलं गहाण पडायची, मोडीत जायची, मित्राची आठवण म्हणून घरी यायची. नाव जुळत नसेल तर ओढूनताणून जुळवू नका.

४. पलटणीचं जुनं नाव आजच्या नावाशी लावणं

इथे नव्वद टक्के लोक अडकतात, म्हणून सावकाश वाचा.

मुंबई इलाख्याच्या पलटणींना १९०३ पर्यंत साधे नंबर होते, ५ वी बॉम्बे, १० वी बॉम्बे, १७ वी बॉम्बे. १९०३ ला या नंबरांत शंभर मिळवले. ५ ची १०५, १० ची ११०, १७ ची ११७. मग १९२२ ला सगळ्यांना एका रेजिमेंटखाली आणलं, तिचं नाव ५ वी मराठा लाईट इन्फंट्री, आणि तिच्यातल्या पलटणी अशा लागल्या: १०३ झाली पहिली, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी आणि ११४ झाली दहावी, ती ट्रेनिंगची.

त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाच्या कागदावर ३/५ असं दिसलं तर त्यातला ३ म्हणजे पलटण आणि ५ म्हणजे रेजिमेंटचा नंबर. लोक याला "पाचवी पलटण, तिसरी कंपनी" असं वाचतात आणि पुढचं सगळं चुकतं. गावात "काली पाचवी" म्हणतात ती पण पाचवी नाही बरं का! ती आजची दुसरी, कारण ती मूळची ५ वी बॉम्बे, मग १०५, मग २/५. म्हणजे "पाचवीत होते" एवढं ऐकून तुम्ही तीन वेगळ्या ठिकाणी जाऊ शकता, साल विचारल्याशिवाय हलू नका. आणि ३ मराठा १९५२ ला पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन २ पॅरा झाली, म्हणून एकाच आजोबांच्या कागदावर आधी मराठा आणि मग पॅरा दिसलं तर गोंधळू नका, बदली झाली ती अख्ख्या पलटणीची.

महार घरांसाठी वेगळी साखळी आहे. जुन्या बॉम्बे आर्मीत महार शिपाई भरपूर होते आणि १८१८ च्या कोरेगावच्या स्तंभावरच्या मृतांच्या नावांत "नाक" लागलेली नावं आहेत, तो "नाक" जुन्या यादीत महार शिपाई ओळखायची मोठी खूण. पण १८९२-९३ च्या सुमाराला इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. बाबासाहेबांचं घर याचं उदाहरण आहे, आजोबा मालोजी फौजेत, वडील रामजी सुभेदार, आणि त्यानंतर दार बंद. मग १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली ती युद्ध संपल्यावर १९२१ पर्यंत मोडली, आणि आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली. तेव्हा "पणजोबा १९०५ ला महार रेजिमेंटमध्ये भरती झाले" असं घरात ऐकलं असेल तर साल नाहीतर पलटण, दोन्हीतलं एक चुकलंय.

आणि मराठी माणूस म्हणजे मराठा किंवा महार रेजिमेंटच असंही नाही. बॉम्बे सॅपर्स, पायोनियर, तोफखाना, सिग्नल, सप्लायच्या खेचर तुकड्या, कोकणातली पोरं तर नेव्हीत. घरात "इंजिनीअर होते" म्हणत असतील तर सॅपर्स, "मुल्की होते" म्हणत असतील तर कदाचित फौजी नोकरीच नव्हती.

तपासा: पुढे जाण्याआधी वहीतल्या पानावर पलटणीचं त्या काळचं नाव आणि आजचं नाव, दोन्ही लिहिलंय का? नसेल तर सहाव्या टप्प्याला हात लावू नका, पत्र चुकीच्या गावी जाईल.

५. गाव: कोतवाल बुक, शाळा, फलक

वर्षं पक्की करायला गावाइतकं स्वस्त काही नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाची जन्मतारीख आणि बापाचं नाव मिळतं. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ ला, म्हणजे कोतवाल बुकात, आणि ते तहसीलच्या अभिलेख कक्षात. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर २०२३ पासून बऱ्याच ठिकाणी हे स्कॅन झालंय, तेवढा फायदा. जुनी पानं मोडीत असतात, मोडी वाचणारा माणूस आधी गाठा आणि त्याला अख्खं बुक देऊ नका, तुमच्या आडनावाची पानं तेवढी द्या. सांगली-कोल्हापूर-सातारा पट्ट्यात घरी हेळवी (घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारा) येत असेल तर त्याच्याकडची वंशावळ उतरवून घ्या. नावांचा क्रम त्याच्याकडे चांगला असतो, साल मात्र त्याच्या भरवशावर लिहू नका.

परदेशात मेलेल्या शिपायाची नोंद कोतवाल बुकात सापडेलच असं नाही, ते बुक गावात काय घडलं त्याचं. म्हणून नोंद नाही म्हणजे माणूस नव्हताच असं म्हणून पान फाडू नका.

आता माझी फजिती. युद्धस्मारकांच्या ऑनलाईन यादीत मला माझ्या पणजोबांच्याच नावाचा, आमच्याच गावाचा शिपाई मिळाला, १९१६ ला मेसोपोटेमियात वारलेला, ११० वी मराठा. मी त्यावर घरच्यांना रडवलं, फोटोला हार घातला, गावात सांगितलं. मग शाळेत गेलो आजोबांची जन्मतारीख घ्यायला तर ती निघाली १९२२. म्हणजे पणजोबा मेल्यावर सहा वर्षांनी त्यांना मुलगा झाला! आत्या शांतपणे म्हणाली, "अरे ते भावकीतले गणपत, आपले नव्हेत. आपले घरीच खाटेवर गेले." हे तिला आधीपासून माहीत होतं, मी विचारलंच नव्हतं.

तपासा: प्रत्येक फौजी माणसाच्या सेवेच्या आणि मृत्यूच्या तारखा त्याच्या मुलांच्या जन्मसालांशेजारी एका ओळीत लिहून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

गावात शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर "या गावातून इतकी माणसं १९१४-१९ च्या महायुद्धात गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले" असा संगमरवरी फलक असतो. त्यावर बहुतेक आकडाच असतो. आकडा उतरवा, कारण शोधलेली नावं त्यापेक्षा जास्त भरली तर तुमचा कुठलातरी गणपत भावकीतला आहे.

६. रेकॉर्ड ऑफिसला पत्र

आता, आणि आत्ताच, पत्र लिहायचं. मराठा लाईट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, सिग्नलचं जबलपूरला. एअरफोर्सचं दिल्लीत सुब्रतो पार्कला, नेव्हीच्या खलाशांचं मुंबईत मानखुर्दला. त्याआधी एक फेरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मारा. आजोबा किंवा आजी तिथे नोंदलेले असतील तर नंबर आणि युनिट तिथेच मिळतं आणि अर्जाची भाषा कशी ठेवायची हेही कुणीतरी माजी सैनिक समजावून सांगतो.

पत्र हिंदी किंवा इंग्रजीत, एक पान. नंबर, हुद्दा, नाव, बापाचं नाव, गाव-तालुका-जिल्हा, भरती आणि सुटल्याचं साल, तुमचं नातं. सोबत नात्याचा पुरावा आणि मृत्यूचा दाखला. जिल्हा लिहिताना त्या वेळचा जिल्हा लिहा! सांगली जिल्हा १९४९ ते १९६० दक्षिण सातारा होता आणि त्याआधी त्यातला बराचसा भाग साताऱ्यातच. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत. रायगड तेव्हा कुलाबा. वेंगुर्ल्याचा माणूस सिंधुदुर्गात शोधायला लावलात तर जुन्या रजिस्टरात तो मिळायचा नाही.

काय मागायचं हे महत्त्वाचं. "सगळी माहिती द्या" असं लिहिलं की "उपलब्ध नाही" असं दोन ओळींचं उत्तर येतं. पेन्शन न घेता सुटलेल्या माणसाची सेवेची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात, हा नियमच आहे, त्यामुळे राखीव म्हणून सुटलेल्या किंवा युद्धानंतर घरी पाठवलेल्या आजोबांची फाईल राहिलेली नसते. पण लाँग रोल नावाचं रजिस्टर कायम ठेवतात, त्यात माणसाची थोडक्यात नोंद असते. म्हणून पत्रात सरळ लिहायचं की फाईल नष्ट झाली असल्यास लाँग रोलमधली नोंद कळवावी. एका ऑफिसातून मला आधी "रेकॉर्ड नष्ट" असं आलं होतं, हे एक वाक्य घालून परत लिहिलं तर दीड महिन्यात भरतीची तारीख आली.

उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकार, केंद्राच्या पोर्टलवरून, फी १० रुपये. पण पहिलाच अर्ज माहिती अधिकारात टाकू नका, तिथे दुसऱ्या व्यक्तीची खासगी माहिती म्हणून नाकारायची सोय असते, नात्याचा पुरावा जोडलेलं साधं पत्र बऱ्याचदा लवकर काम करतं.

सावध: १९४७ च्या आधीचा नंबर देताना पलटण द्यायलाच हवी. तेव्हा प्रत्येक पलटणीचे किंवा रेजिमेंटचे नंबर वेगळे होते, १७४२ नंबरचा शिपाई ११७ मध्ये पण होता आणि दुसरीकडे पण असणार.

७. लढाईत गेलेला असेल तर

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी फुकट आणि ऑनलाईन आहे, पण ती फक्त मृतांची आहे. जिवंत परत आलेले आजोबा तिथे तासनतास शोधणारे लोक मी बघितलेत. काळही ठरलेला, पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. त्याबाहेर मेला तर यादीत नाही.

शोधताना आडनाव टाकून थांबू नका. शिपायाचं नाव साहेबानं ऐकून लिहिलेलं. पवारचं पोवार आणि पुआर, शिंदेचं सिंदे, चव्हाणचं चवान, भोसल्यांच्या मध्ये एक एन घुसलेला, आणि कित्येकदा नुसतं पहिलं नाव, आडनावाच्या रकान्यात. म्हणून आधी पलटण आणि साल टाका, सगळी यादी काढा, मग गाव आणि बापाचं नाव वाचत खाली या. गावाचं स्पेलिंग पण असंच, मोठ्याने वाचलं की ओळखू येतं.

मेसोपोटेमियात गेलेले बसरा मेमोरियलवर, तिथे ४० हजारांहून जास्त लोकांची नोंद आहे. फ्रान्सचे नव्ह शापेलला. ब्रह्मदेशातले रंगून मेमोरियलला, इटलीतले कसिनो आणि तिथल्या दहनस्मारकांवर. नाईक यशवंत घाडगे, ज्यांना १९४४ ला इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते कसिनोलाच आहेत, नमुना म्हणून आधी त्यांची नोंद उघडून बघा म्हणजे रकाने कसे वाचायचे ते समजेल. बसऱ्याच्या दगडावर आपल्या साध्या शिपायांची नावं कोरलेलीच नव्हती, पलटणीखाली नुसता आकडा, नावं रजिस्टरात. गावच्या फलकावर आकडा आणि तिकडेही आकडाच, तेव्हा फोटोत नाव दिसत नाही म्हणून नाराज होऊ नका, रजिस्टर बघा.

१०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियातल्या कूतच्या वेढ्यात होत्या आणि २९ एप्रिल १९१६ ला ते ठाणं पडलं. त्यानंतरच्या तारखेचा मृत्यू असेल तर माणूस कैदेत गेलेला असण्याची शक्यता धरा.

१९४७ नंतरच्या शहिदांसाठी दिल्लीचं राष्ट्रीय समर स्मारक, तिथल्या भिंतींवर नावं आहेत आणि वेबसाईटवर शोधता येतात.

८. जिवंत परत आला असेल तर

हे अवघड आहे, आधीच सांगतो. पहिल्या युद्धातल्या शिपायांची पंजाबची रजिस्टरं ऑनलाईन आलीत ती बघून लोक खूश होतात, ती फक्त पंजाबची आहेत, त्यात साताऱ्याचा माणूस शोधू नका.

सुभेदार किंवा जमादार असेल तर नशीबवान, इंडियन आर्मी लिस्ट नावाच्या जुन्या छापील याद्यांत देशी अधिकाऱ्यांची नावं पलटणीप्रमाणे येतात, त्यातल्या बऱ्याच स्कॅन झाल्यात. शौर्यपदक मिळालं असेल तर १९४७ आधीचं लंडन गॅझेटमध्ये, नंतरचं भारत सरकारच्या शौर्य पुरस्कारांच्या पोर्टलवर. साधा शिपाई असेल तर पलटणीची युद्ध डायरी, ती लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, काही भाग दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, त्यांचं अभिलेख पटल हे पोर्टल चाळून बघा. डायरीत तुमच्या माणसाचं नाव सापडणार नाही, तिथे नावं साहेबांची. पण पलटण कोणत्या तारखेला कुठे होती हे रोजच्या रोज मिळतं. मग वहीत "या दिवशी पलटण इथे होती" असं लिहा. "पणजोबा इथे लढले" असं लिहू नका, ते त्या दिवशी हॉस्पिटलात किंवा रजेवर असतील.

९. संस्थानी फौज

नंबर कुठेच जुळत नाही आणि गाव कोल्हापूर, सावंतवाडी, फलटण, बडोदा अशा जुन्या संस्थानातलं असेल तर माणूस संस्थानच्या फौजेत असेल. कोल्हापूरचे राजाराम रायफल्स हे त्यातलं मोठं नाव. ते कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात बघा, बडोद्याचे गुजरातच्या ताब्यात आहेत. विलीनीकरणानंतर कोल्हापूर, बडोदा वगैरेंच्या तुकड्या मराठा लाईट इन्फंट्रीत आल्या, त्यामुळे १९४८-५० च्या आसपास पलटण अचानक बदललेली दिसते.

१०. पिढ्या जोडताना

प्रत्येक दोन पिढ्यांमध्ये बाप-मुलाचं नातं दाखवणारा एक तरी कागद हवा, शाळा, फेरफार, डिस्चार्ज बुक, काहीही चालेल. "गाव एक, आडनाव एक, पलटण एक" हा पुरावा नाही, भरती भावकीनेच व्हायची, चुलते, पुतणे, मेहुणे सगळे एकाच पलटणीत. मी तीन रंग वापरतो. कागद बघितला तर निळं, दोन कागद जुळले तर हिरवं, नुसतं ऐकलं तर पेन्सिल. आमच्या वहीत वडील आणि आजोबा हिरवे आहेत, पणजोबा निळे, त्यांच्या मेडलवर आडनाव नाही म्हणून. त्यांच्या वरचे सुभेदार, म्हणजे आमचे खापरपणजोबा, जे म्हणे १० व्या बॉम्बेत होते, ते गेली तीन वर्षं पेन्सिलीतच आहेत. आत्याला ते आवडत नाही, ती आली की वही मागते आणि त्या पानाकडे बघून म्हणते, "पेन नाही का रे घरात?"